भात, लसूण, काकडी आणि गांजा : या सगळ्यांच्या शास्त्रीय नावात असलेला ‘सतीवा’ हा शब्द आहे तरी काय?

बाथरूममधली फेसवॉशची बाटली उलटी करून मागचं बारीक अक्षरातलं लेबल वाचलंत, तर काकडीच्या अर्काच्या जागी ‘कुकुमिस सतीवुस’ असं काहीतरी लिहिलेलं सापडेल. तांदळाच्या कोंड्याचं तेल असेल तर ‘ओरिझा सतीवा’. आयुर्वेदिक गोळ्यांच्या डबीवर लसणीसाठी ‘आलियुम सतीवुम’. आणि बातमी अमली पदार्थांची असेल, तर तिथेही हाच शब्द भेटतो, ‘कॅनाबिस सतीवा’.

काकडी, तांदूळ, लसूण आणि गांजा. या चौघांचं एकमेकांशी काही नातं नाही. वनस्पतिशास्त्रात ही चार वेगवेगळी कुळं आहेत. मग नावातला दुसरा शब्द सारखाच कसा? आणि सारखाच असेल तर कुठे सतीवुस, कुठे सतीवा, कुठे सतीवुम असा का बदलतो? छपाईची चूक आहे का?

चूक अजिबात नाही. हा एकच शब्द आहे, तो लॅटिन भाषेतलं विशेषण आहे आणि तो का बदलतो हे समजून घेणं मराठी माणसाला फारसं अवघड नाही. कारण मराठीतही विशेषणं नेमकी अशीच बदलतात.

थोडक्यात माहिती

शब्द : सतीवुस (पुल्लिंग), सतीवा (स्त्रीलिंग), सतीवुम (नपुंसकलिंग)
भाषा : लॅटिन
प्रकार : विकारी विशेषण, म्हणजे नामाप्रमाणे रूप बदलणारं
मूळ क्रियापद : सेरेरे, म्हणजे पेरणे
अर्थ : पेरणीचा, लागवडीचा, माणसाने मुद्दाम पिकवलेला
विरुद्ध अर्थ : सिल्वेस्ट्रिस, म्हणजे रानातला
आजचा वापर : मुख्यतः पिकांच्या शास्त्रीय नावांत

उच्चार कसा करायचा?

मराठी मजकुरात हा शब्द ‘सॅटिव्हा’, ‘सटायव्हा’, ‘सतिवा’ असा वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेला दिसतो. ‘सटायव्हा’ हा इंग्रजी वळणाचा उच्चार आहे. प्राचीन रोममधल्या उच्चारात पहिला ‘स’ ऱ्हस्व, ‘ती’ दीर्घ आणि त्यापुढचं अक्षर आपल्या ‘व’च्या जवळचं होतं. म्हणून इथे सतीवुस, सतीवा, सतीवुम असं लिहिलं आहे. शास्त्रीय नावांचा उच्चार जगभर ज्याच्या त्याच्या भाषेच्या सवयीने होतो. स्पेलिंग मात्र सगळीकडे एकच असावं लागतं.

शब्द आला कुठून?

लॅटिनमध्ये ‘पेरणे’ या क्रियापदाला ‘सेरेरे’ म्हणतात. त्याचं भूतकाळवाचक धातुसाधित रूप ‘सातुस’, म्हणजे ‘पेरलेला’. त्याला ‘-ईवुस’ हा प्रत्यय लागला आणि ‘सतीवुस’ तयार झाला.

हा प्रत्यय नेमकं काय करतो, हे दोन जोड्यांवरून कळतं. ‘काप्तुस’ म्हणजे पकडलेला आणि ‘काप्तीवुस’ म्हणजे कैदी. ‘नातुस’ म्हणजे जन्मलेला आणि ‘नातीवुस’ म्हणजे जन्मजात किंवा मूळचा. इंग्रजीतले कॅप्टिव्ह आणि नेटिव्ह हे शब्द यांच्यातूनच आले. पहिला शब्द घडून गेलेली क्रिया सांगतो, दुसरा त्या क्रियेमुळे मिळालेली ओळख सांगतो. एखाद्याला पकडलं ही घटना झाली, पण तो कैदी आहे ही त्याची ओळख झाली.

तसंच इथे. ‘सातुस’ म्हणजे या वर्षी या शेतात पेरलेला. ‘सतीवुस’ म्हणजे पेरूनच घेतला जातो त्या प्रकारचा. म्हणून मराठीत त्याला ‘पेरलेला’पेक्षा ‘पेरणीचा’ किंवा ‘लागवडीचा’ हा शब्द जास्त जवळचा आहे.

याच मुळातून निघालेले शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातही आहेत. ‘सेमेन’ म्हणजे बी. बियांपासून रोपं तयार करायच्या वाफ्याला किंवा रोपवाटिकेला रोमन लोक ‘सेमिनारियुम’ म्हणत. पुढे विद्यार्थी घडवण्याच्या जागेला हा शब्द लागला आणि त्यातून आपला ‘सेमिनार’ आला. क्रिकेटचा ‘सीझन’, आंब्याचा ‘सीझन’ म्हणतो तो शब्दही पेरणीतूनच आला आहे. लॅटिनमधल्या पेरणी या अर्थाच्या ‘सातियो’ या शब्दाचं जुन्या फ्रेंचमध्ये ‘पेरणीचा काळ’ असं झालं आणि मग इंग्रजीत नुसता ‘हंगाम’. इंग्रजीतला बी या अर्थाचा ‘सीड’ हा मात्र लॅटिनमधून आलेला नाही. तो त्याच आदिम युरोपीय-भारतीय धातूपासून वेगळ्या वाटेने आलेला चुलत भाऊ आहे.

दोन गैरसमजही इथेच दूर करायला हवेत. सतीवाचा संस्कृतमधल्या ‘सती’, ‘सत्’ किंवा ‘सात्त्विक’ या शब्दांशी संबंध नाही. फक्त ऐकायला सारखं वाटतं. दुसरा गैरसमज खुद्द रोमन लोकांचा. वार्रो या रोमन पंडिताने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात असं मांडलं की, शेतीचा देव सातुर्नुस याचं नाव पेरणीवरूनच पडलं. शनी ग्रहाचं इंग्रजी नाव ‘सॅटर्न’ हे याच देवाचं. पण ‘सातुर्नुस’मधला ‘सा’ दीर्घ आहे आणि ‘सातुस’मधला मुळात ऱ्हस्व. त्यामुळे आजचे भाषाशास्त्रज्ञ ही व्युत्पत्ती सहजासहजी मान्य करत नाहीत.

अर्थ : पेरलेलं आणि रानातलं

रोमन समाज शेतकऱ्यांचा होता. वनस्पतीचे दोन गट करायची त्यांची पद्धत सरळ होती. जे माणूस पेरतो ते सतीवुस आणि जे आपोआप रानात उगवतं ते सिल्वेस्ट्रिस. ‘सिल्वा’ म्हणजे रान, त्यावरून सिल्वेस्ट्रिस. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात मरण पावलेल्या प्लिनी या रोमन लेखकाने निसर्गावर मोठा ग्रंथ लिहिला आहे. त्यात एकाच वनस्पतीचा रानटी प्रकार आणि लागवडीचा प्रकार वेगळा दाखवायला हे शब्द पुन्हा पुन्हा येतात.

मराठीतही ही विभागणी आहे, फक्त खूण उलट्या बाजूला लावली जाते. आपण रानटी प्रकाराच्या नावाआधी ‘रान’ जोडतो : रानकेळ, रानमूग, रानहळद. लागवडीच्या केळीला नुसतं केळ म्हणतो. लॅटिनमध्ये लागवडीच्या प्रकारालाही स्वतःचं विशेषण मिळालं.

ही विभागणी महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरातही वर्षातून एकदा येते. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, असा नेम अनेक घरांत पाळतात. म्हणजे नांगरलेल्या जमिनीतलं काही नको, आपोआप उगवलेलं किंवा हाताने परसात लावलेलं चालेल. त्या दिवशीचं ताट साधारणपणे ‘सतीवा’ला सुट्टी देणारं असतं, असं म्हणता येईल.

या विरोधाचं एक मजेशीर उदाहरण ओट्समध्ये आहे. नाश्त्याला खातात ते ओट्स म्हणजे ‘अवेना सतीवा’. त्याचंच रानटी भावंड गव्हाच्या शेतात तण म्हणून त्रास देतं. त्याला नाव मिळालं ‘अवेना फातुआ’. फातुआ म्हणजे मूर्ख, निरुपयोगी!

सतीवुस, सतीवा, सतीवुम : रूप का बदलतं?

आता मुख्य प्रश्न. मराठीत ‘मोठा’ हे विशेषण घ्या. मोठा मुळा, मोठी काकडी, मोठं वांगं. विशेषण एकच, पण नामाचं लिंग बदललं की शेवट बदलतो. लॅटिनमध्येही तीनच लिंगं आहेत आणि या गटातल्या विशेषणांचे तीन शेवट आहेत : पुल्लिंगी ‘-उस’, स्त्रीलिंगी ‘-आ’, नपुंसकलिंगी ‘-उम’. लागवडीचा, लागवडीची, लागवडीचं म्हणजेच सतीवुस, सतीवा, सतीवुम.

हे साम्य योगायोगाने आलेलं नाही. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना ‘नवः, नवा, नवम्’ आठवत असेल. लॅटिनमध्ये ‘नवा’साठी शब्द आहे ‘नोवुस, नोवा, नोवुम’. शब्दही तोच आणि शेवटही त्याच क्रमाने. संस्कृत आणि लॅटिन या दोन्ही भाषा एकाच पूर्वज भाषेतून आल्या आणि विशेषणाला लिंगाप्रमाणे बदलायची सवय दोघींनी वारशात घेतली. मराठीने ती संस्कृत-प्राकृतातून पुढे चालवली. इंग्रजीने मात्र ती सोडून दिली. म्हणून इंग्रजीतून शिकणाऱ्याला सतीवुस-सतीवुम हा गोंधळ वाटतो आणि मराठीत विचार करणाऱ्याला तो घरचाच नियम वाटायला हवा.

काही ओळखीची नावं लिंगाप्रमाणे लावून पाहू.

पुल्लिंग, सतीवुस :
कुकुमिस सतीवुस : काकडी
राफानुस सतीवुस : मुळा
क्रोकुस सतीवुस : केशर
लाथिरुस सतीवुस : लाख, म्हणजे लाखोळी

स्त्रीलिंग, सतीवा :
ओरिझा सतीवा : भात
कॅनाबिस सतीवा : भांग, गांजा
निगेल्ला सतीवा : कलौंजी
लाक्तुका सतीवा : सॅलडमधलं लेट्यूस
मेदिकागो सतीवा : लसूणघास

नपुंसकलिंग, सतीवुम :
आलियुम सतीवुम : लसूण
कोरिआंड्रुम सतीवुम : कोथिंबीर, धणे
लेपिदियुम सतीवुम : अळीव
पिसुम सतीवुम : वाटाणा

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. लिंग ठरतं ते नावातल्या पहिल्या लॅटिन शब्दावरून, मराठी नावावरून नाही. मराठीत काकडी स्त्रीलिंगी आहे, पण कुकुमिस पुल्लिंगी. मराठीत भात पुल्लिंगी, पण ओरिझा स्त्रीलिंगी. भाषेतलं लिंग वस्तूला नसतं, शब्दाला असतं. याचं यापेक्षा सोपं उदाहरण मिळणं कठीण.

फिकुस ‘उस’ने संपतो, मग पिंपळाचं नाव ‘रेलिगिओसा’ का?

इथे हुशार वाचक अडतो. पिंपळाचं शास्त्रीय नाव ‘फिकुस रेलिगिओसा’ आणि उंबराचं ‘फिकुस रासेमोसा’. फिकुस ‘-उस’ने संपतो, म्हणजे पुल्लिंगी असणार. मग विशेषण स्त्रीलिंगी कसं?

उत्तर पुन्हा मराठीतच सापडतं. चाकू, वाळू, लिंबू. तिन्ही शब्द ‘ऊ’ने संपतात. पण आपण मोठा चाकू, ओली वाळू आणि पिवळं लिंबू म्हणतो. शेवटच्या अक्षरावरून लिंग कळतंच असं नाही, ते भाषेच्या परंपरेतून येतं. लॅटिनमध्ये बहुतेक झाडांची नावं परंपरेने स्त्रीलिंगी मानली जातात, मग ती ‘-उस’ने संपली तरीही. फिकुस त्यातलाच. चिंचेचं नावही ‘तामारिंदुस इंदिका’ असंच आहे. म्हणजे नामाच्या शेवटाने चकवलं, तरी सोबतचं विशेषण खरं लिंग सांगून टाकतं.

सगळीच लॅटिन विशेषणं तीन रूपांची नसतात. आधी आलेलं ‘सिल्वेस्ट्रिस’ किंवा नेहमी भेटणारं ‘वुल्गारिस’, म्हणजे सर्वसाधारण, हे दोन रूपांत भागवतात. पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी एकच, नपुंसकलिंगी वेगळं. म्हणून बीट ‘बेता वुल्गारिस’ आहे आणि बार्ली ‘होर्देउम वुल्गारे’. मराठीत जसं ‘काळा, काळी, काळं’ बदलतं पण ‘लाल’ सगळीकडे लालच राहतं, तसाच विशेषणांच्या वागण्यातला हा फरक.

विभक्तीची रूपं

शास्त्रीय नावात आपल्याला फक्त प्रथमेचं एकवचन दिसतं. पण रोमन माणूस वाक्यात हा शब्द वापरायचा तेव्हा विभक्ती आणि वचनाप्रमाणेही तो बदलायचा. खालची रूपं पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग या क्रमाने आहेत.

एकवचन
प्रथमा : सतीवुस, सतीवा, सतीवुम
द्वितीया : सतीवुम, सतीवाम, सतीवुम
चतुर्थी : सतीवो, सतीवाय, सतीवो
पंचमी : सतीवो, सतीवा, सतीवो
षष्ठी : सतीवी, सतीवाय, सतीवी
संबोधन : सतीवे, सतीवा, सतीवुम

अनेकवचन
प्रथमा आणि संबोधन : सतीवी, सतीवाय, सतीवा
द्वितीया : सतीवोस, सतीवास, सतीवा
चतुर्थी आणि पंचमी : तिन्ही लिंगांत सतीवीस
षष्ठी : सतीवोरुम, सतीवारुम, सतीवोरुम

लॅटिनची पंचमी संस्कृतमधल्या तृतीयेचं आणि बऱ्याचदा सप्तमीचंही काम करते, म्हणून त्या दोन विभक्ती यादीत वेगळ्या दिसत नाहीत.

मराठीत हे काम खूप सोपं झालं आहे. प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागलं की विशेषणाचं एकच सामान्यरूप होतं : मोठ्या मुळ्याला, मोठ्या काकडीचा, मोठ्या वांग्यात. लॅटिनमध्ये मात्र नाम जिथे जाईल तिथे विशेषणाला लिंग, वचन आणि विभक्ती तिन्ही जुळवत मागे जावं लागतं.

हे फक्त पुस्तकातलं व्याकरण नाही. षष्ठीचं रूप आजही औषधशास्त्रात जिवंत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधी वनस्पतींवरच्या ग्रंथात लसणीच्या प्रकरणाला ‘बुल्बुस आली सतीवी’ असं नाव आहे. बुल्बुस म्हणजे कंद. आलियुम सतीवुमचा कंद, म्हणून दोन्ही शब्द षष्ठीत गेले. हे ठाऊक नसेल तर ‘सतीवी’ ही वेगळीच कुठली वनस्पती वाटू शकते.

शास्त्रीय नावांत हा शब्द कोणी आणला?

स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने १७५३ साली ‘स्पेसिएस प्लांतारुम’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याआधी एका वनस्पतीचं नाव म्हणजे लॅटिनमधलं लांबलचक वर्णन असायचं. लिनियसने प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचं नाव दिलं. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या नात्यातल्या अनेक वनस्पतींच्या गटाचा. दुसरा शब्द त्या गटातली नेमकी जात ओळखण्यासाठी. आडनाव आधी आणि नाव नंतर, असं समजलं तरी चालेल. वनस्पतींच्या नावांची अधिकृत सुरुवात आजही याच ग्रंथापासून धरली जाते.

एका गटात काही रानटी आणि एखादी पिकाची जात असली, की पिकाच्या जातीला ‘सतीवुस’ हे जुनं रोमन विशेषण हाताशी तयारच होतं. वर दिलेल्या यादीतली सगळी नावं लिनियसच्या त्याच ग्रंथातली आहेत.

लिंग जुळवण्याचा नियमही पुढे सक्तीचा झाला. वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीनुसार दुसरा शब्द विशेषण असेल तर त्याचं लिंग पहिल्या शब्दाशी जुळलंच पाहिजे. नाव देणाऱ्याने चुकीचा शेवट लिहिला असेल तर नंतरच्यांनी तो दुरुस्त करायचा आणि नावाचं श्रेय मूळ माणसाकडेच ठेवायचं. २०१२ पासून नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनऐवजी इंग्रजीत द्यायची मुभा मिळाली आहे. पण नाव मात्र अजूनही लॅटिनच्याच नियमाने चालतं.

म्हणूनच वनस्पती एका गटातून दुसऱ्या गटात गेली तर तिचा शेवट बदलू शकतो. कॅमेलिना नावाच्या तेलबियांच्या पिकाला लिनियसने ‘मियाग्रुम सतीवुम’ म्हटलं होतं. मियाग्रुम नपुंसकलिंगी. नंतर हे पीक कॅमेलिना या स्त्रीलिंगी नावाच्या गटात हलवलं गेलं आणि ते ‘कॅमेलिना सतीवा’ झालं. पीक तेच, विशेषण तेच, फक्त सोबतचं नाम बदललं.

बीच नसलेलं ‘पेरणीचं’ पीक

शब्दाचा मूळ अर्थ आणि शेतातलं वास्तव नेहमी जुळतंच असं नाही. केशराचं नाव क्रोकुस सतीवुस. पण केशराला बीच धरत नाही. या वनस्पतीत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात, त्यामुळे ती वांझ आहे. काश्मीरमध्ये पांपोरचा शेतकरी केशराचे कंद लावतो, बी पेरत नाही. ग्रीसमध्ये सापडणाऱ्या एका रानटी क्रोकुसपासून हे पीक तयार झालं आणि पुढे माणसानेच ते कंदांवरून वाढवत नेलं. उद्या माणसाने लागवड थांबवली तर हे पीक टिकणं कठीण आहे.

लसणीचंही जवळपास तसंच. ती आपण पाकळ्यांवरून लावतो. मराठीत पेरणे आणि लावणे हे दोन शब्द वेगळे असल्यामुळे हा फरक पटकन ध्यानात येतो. म्हणून शास्त्रीय नावात ‘सतीवुस’चा अर्थ अक्षरशः ‘बी पेरलेला’ असा न घेता ‘माणसाच्या लागवडीतला’ असा घ्यायचा.

लागवडीचं म्हणजे बिनधोक नव्हे

या शब्दाचा आणखी एक चुकीचा अर्थ काढला जातो. पीक म्हणून नाव मिळालं, म्हणजे ते खायला उत्तमच असणार. विदर्भातली लाख हे त्याचं उत्तर आहे. लाथिरुस सतीवुस, मराठीत लाख किंवा लाखोळी, हिंदीत खेसारी. पाणी कमी असलं तरी तग धरणारं हे कडधान्य दुष्काळात गरिबांचा आधार ठरलं. पण तिच्या दाण्यात मज्जासंस्थेला अपाय करणारा एक घटक असतो. इतर धान्य मिळत नाही म्हणून महिनोन्महिने मुख्यतः हेच खावं लागलं, तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. या आजाराला लॅथिरिझम म्हणतात. याच कारणासाठी देशात अनेक ठिकाणी तिच्या विक्रीवर बंदी आली आणि ती कितपत योग्य यावर वादही झाले. नावातला ‘सतीवुस’ यात कुठलीच बाजू घेत नाही. लोक हे पेरतात, एवढंच तो सांगतो.

याच लाखेमुळे वाटाण्याचं नावही अडचणीत आलं. वाटाणा म्हणजे पिसुम सतीवुम, मेंडेलने आनुवंशिकतेचे प्रयोग केले ती वनस्पती. अलीकडच्या अभ्यासातून वाटाणा लाखेच्याच गटात बसतो असं पुढे आलं. मग नियमाप्रमाणे त्याला ‘लाथिरुस सतीवुस’ म्हणायला हवं होतं. पण ते नाव लाखेने १७५३ पासूनच अडवून ठेवलं होतं आणि एका गटात दोघांना एकच नाव चालत नाही. म्हणून लंडनच्या क्यू उद्यानाच्या यादीत वाटाण्याला आता ‘लाथिरुस ओलेरासेउस’ म्हणतात, म्हणजे भाजीचा. अनेक पुस्तकांत अजून जुनंच नाव आहे.

एका विशेषणावरून कोर्टात वाद

सतीवा या शब्दाचा अर्थ कळणं किती महत्त्वाचं आहे, हे सगळ्यात जास्त दिसलं ते अमेरिकेच्या कोर्टांत. लिनियसने युरोपात दोरखंडासाठी पेरल्या जाणाऱ्या वनस्पतीला कॅनाबिस सतीवा म्हटलं. १७८५ साली फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्कने भारतातल्या नमुन्यांवरून कॅनाबिस इंदिका अशी वेगळी जात मांडली. पुढे अमेरिकेच्या १९७० च्या कायद्यात गांजाची व्याख्या ‘कॅनाबिस सतीवा’ अशी लिहिली गेली.

मग आरोपींच्या वकिलांनी मुद्दा काढला. कायद्यात बंदी सतीवावर आहे. आमच्या अशिलाकडे सापडलेला माल इंदिका नव्हता हे सरकारने सिद्ध करावं. वाळलेल्या चुऱ्यावरून हे सांगणं जवळपास अशक्य. हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड इव्हान्स शुल्टीज यांनीही या गटात एकापेक्षा जास्त जाती आहेत, अशी साक्ष दिली. वरिष्ठ न्यायालयांनी मात्र हा बचाव मानला नाही. कायदा करणाऱ्यांना सगळाच गांजा अभिप्रेत होता, असं त्यांचं म्हणणं पडलं. १९७६ साली अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉनक्विस्ट या शास्त्रज्ञांनी जात एकच आणि तिच्या दोन उपजाती, अशी मांडणी केली. आज बहुतेक ठिकाणी तीच धरली जाते.

भारताच्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, म्हणजे एनडीपीएसमध्ये, ही फट ठेवलेलीच नाही. तिथे कॅनाबिस या प्रजातीतली ‘कोणतीही वनस्पती’ अशी व्याख्या आहे. दुसरा शब्दच वापरलेला नाही, त्यामुळे त्यावरून वाद घालायला जागा उरत नाही.

परदेशातल्या बाजारात आज ‘सतीवा’ म्हणजे तरतरी आणणारा आणि ‘इंदिका’ म्हणजे झोप आणणारा, असं सांगून गांजा विकला जातो. या दोन शब्दांत असला काहीच अर्थ नाही. एक म्हणतो लागवडीची, दुसरा म्हणतो भारतातली. वनस्पतीचा परिणाम तिच्यातल्या रसायनांवर ठरतो आणि ती रसायनं या विशेषणांप्रमाणे वाटून दिलेली नाहीत.

पुढच्या वेळी लेबल वाचताना

एकदा हा नियम कळला की इतर नावंही उलगडू लागतात. ‘इंदिकुस, इंदिका, इंदिकुम’ म्हणजे भारतातला, भारतातली, भारतातलं. अनंतमूळ ‘हेमिदेस्मुस इंदिकुस’, आंबा ‘मांगिफेरा इंदिका’, तीळ ‘सेसामुम इंदिकुम’. ‘निगेर, निग्रा, निग्रुम’ म्हणजे काळा, काळी, काळं. खुरासानी ओवा ‘हियोस्कियामुस निगेर’, काळी मोहरी ‘ब्रास्सिका निग्रा’, मिरी ‘पिपेर निग्रुम’.

पद्धत सोपी आहे. आधी दुसऱ्या शब्दाचा शेवट झाकायचा आणि उरलेल्या भागातून अर्थ शोधायचा. मग शेवट उघडायचा. ‘-उस’, ‘-आ’ की ‘-उम’ यावरून पहिल्या शब्दाचं लिंग कळतं. त्यापलीकडे शेवटाला अर्थ नाही. त्यामुळे एका डबीवर ‘सतीवुम’ आणि दुसऱ्या बाटलीवर ‘सतीवा’ दिसलं, तर त्यातलं एक अस्सल आणि दुसरं नक्कल असं समजायचं कारण नाही. एकीत लसूण आहे, दुसरीत तांदूळ, आणि दोन्ही कोणीतरी शेतात लावलेले आहेत.